मध्यंतराचा बुक्का

माझ्या बंडीला दोन खिसे. डाव्या खिशात पितळेची डबी, तिच्यात बुक्का. उजव्या खिशात पानाची चंची. एक खिसा देवाचा, एक माझा. ह्या दोन खिशांच्या मधोमध जो माणूस राहतो त्याने आपला संसार कसा काठावर नेऊन ठेवला होता, ते सांगतो. हसायचं असेल तर हसा. मीही हसतो; फक्त बायको आसपास नाही ना, एवढं आधी पाहून घेतो.

मी शालिकराम. अमरावतीहून बडनेऱ्याला जाताना उजव्या हाताला आमची फुलांची बाग लागते. शेवंती, झेंडू, निशिगंध. फुलं हा आमचा पिढीजात धंदा आणि कीर्तन हे माझं एकट्याचं व्यसन. 'व्यसन' हा शब्द आत्ताचा. तेव्हा मी त्याला भक्ती म्हणायचो, आणि लोकही म्हणायचे, कारण लोकांना हार लागायचे.

कीर्तनात बुवा आधी एखादं पद घेऊन त्याचा अर्थ उलगडतात, तो पूर्वरंग. मग बुवा जरा दम घेतात, सगळे मिळून नाम घेतात, बुवांच्या गळ्यात हार पडतो, आणि एक जण डबी घेऊन रांगेरांगेने सगळ्यांच्या कपाळी बुक्का लावत जातो. हे मध्यंतर. त्यानंतर कथा रंगते; तो उत्तररंग. आमच्या हरिकीर्तन मंडळात हार माझ्या बागेचा आणि डबीवालाही मीच. अठरा वर्षं. कपाळ दिसलं की माझा अंगठा आपोआप पुढे जातो. एकदा न्हाव्यालाही लावला होता.

देवाने आणखी एक देणं दिलं होतं. एकदा ऐकलेली कथा मी जशीच्या तशी सांगू शकायचो. लग्नानंतरच्या वर्षांत कीर्तनाहून घरी आलो की मनकर्णा, म्हणजे आमच्या रुख्मिणीची आई, चुलीपुढे भाकरी थापायची आणि मी पाटावर बसून सगळा उत्तररंग पुन्हा उभा करायचो, बुवांच्या हातवाऱ्यांसकट. कथा रंगली की तिचं तव्याकडे लक्ष राहायचं नाही आणि भाकर करपायची. बुवांची पत आमच्या घरात करपलेल्या भाकरींवर ठरायची. "आज एकबी भाकर करपली नाई," ती म्हणायची, "आजचे बुवा पडले."

मग लेकीचं लग्न झालं. माझं नाव झालं. गावोगावचे सप्ताह मला बोलावू लागले. कथा मी पानाच्या ठेल्यावर सांगू लागलो, कारण तिथे हुंकार देणारे पुष्कळ. घरी यायचो तो ताट झाकून ठेवलेलं असायचं. झाकण काढायचं, जेवायचं, झोपायचं. दोन वर्षांत आमच्या घरी भाकर करपली नाही. मला वाटलं, मनकर्णेचा हात सुधारला.

त्या मार्गशीर्षात अकोल्याला एक बोलपट आला. तेव्हा आमचं वऱ्हाड नागपूरच्या सरकारच्या शेपटाला बांधलेलं होतं, आणि बोलपट मुंबईहून अकोल्याला आधी लागत, मग आमच्याकडे. बोलपटाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही जाल. मंडळाचे चिटणीस खुशालराव यांनी सभेत विषय काढला.

"लय बेकार खेळ हाय म्हनते," खुशालराव म्हणाले. "एक लगन झालेला मानूस दोस्ताच्या बायकोपायी येडा होते."

"मंग?" आमचे कीर्तनकार नत्थुजी बुवा म्हणाले.

"मंग काय बुवा! दोनी घराचा सत्यानाश. आन म्हनते का एका ठिकानी..." खुशालरावांनी देवाकडे पाहिलं, आवाज खाली आणला, "पदर."

"पदराचं काय?"

"थे पायल्याबिगर कसं सांगता येईन?"

बुवांनी ठरवलं, हा खेळ अमरावतीत यायच्या आत कीर्तनात त्याचं खंडन करायचं. पण खंडन करायचं तर तो कोणीतरी पाहायला हवा. बुवा स्वतः थोडेच जाणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"शालिकरामजी, तुमचं ध्यान पक्कं. तुमी पाहून या आन बुवांले सांगा."

"मी?" असं मी तीनदा म्हणालो. पहिल्यांदा धक्का बसला म्हणून, दुसऱ्यांदा रीत म्हणून. तिसऱ्यांदा घाईघाईने, कारण शेजारचा सूर्यभान "मी जातो नं" म्हणायला तोंड उघडत होता.

घरी मनकर्णा हार गुंफत बसली होती. मी म्हणालो, "अकोल्याले चाललो. कीर्तनाचं काम हाय." हे खोटं नव्हतं. आजही मी स्वतःला हेच सांगतो.

"किती दिस?"

"तीन."

"शेवंती तोडनीवर आली."

"तिसऱ्या दिशी येतो नं."

तिने दोरा दातांनी तोडला. "ऐका. आजलोक तीनचे सात झाले, मी बोलली नाई. यंदा चौथा दिस उजाडला का मी शेंदूरजन्याले, भावाकडे. तिथं संत्र्याचा तोडा चालू हाय, मायी कोनाले तरी गरज हाय. आन गेली का मंग गेली. घ्यायले आले तरी येनार नाई."

मी हसलो. "तू कुठं जातं बाप्पा!" म्हणालो, आणि डबी-चंची तपासून स्टेशनकडे निघालो.

अकोल्याला जठारपेठेत माझा मावसभाऊ देवीदास राहतो. भाजीचा व्यापारी, स्वभावाने गरीब, बायकोला घाबरून. मी त्याला मंडळाचं काम सांगितलं तर तो म्हणाला, "दादा, एकट्यानं कसं जासान? पाप अर्धं-अर्धं वाटून घेऊ." आम्ही संध्याकाळच्या खेळाला जाऊन बसलो.

आता चित्राची कथा. एक इंजिनियर साहेब. त्याची सालस बायको. साहेबाचा एक गवई दोस्त, सदा नशेत, आणि त्या गवयाची बायको, तीही गाणारी. साहेब रोज संध्याकाळी त्या घरी जातो. कशाला? तर गाणं ऐकायला. फक्त ऐकायला! बायको विचारते, कुठे चाललात, तो म्हणतो, गाणं ऐकायला, ह्यात काय पाप आहे? बायको काही म्हणत नाही. ताट झाकून ठेवते. एके दिवशी त्या गाणारणीच्या केसांतून गजरा पडतो. साहेब तो उचलतो, उशाखाली ठेवतो आणि महिनाभर हुंगतो. इथे माझ्यातला माळी जागा झाला. मी देवीदासला म्हणालो, "जाईचा गजरा दुसऱ्या दिशी तपकिरी पडते, तिसऱ्या दिशी कुजते. हा महिनाभर काय हुंगून राहिला?" मागून कोणीतरी म्हणालं, "ओ मामा, गप ऱ्हा नं."

आणि मग तो पदर. नदीचा घाट, पाठमोरी ती, ओलं लुगडं, आणि खांद्यावरून हळूहळू सरकणारा पदर. आमच्या बागेच्या कुंपणाएवढा मोठा पदर, महाराज, आणि सरकतो कसा, तर मुंगीच्या पावलाने. मी डोळे घट्ट मिटले. हे पुण्य माझ्या नावावर लिहून ठेवा, कारण ह्यापुढे लिहिण्यासारखं फारसं नाही. डोळे उघडले तेव्हा साहेब घाटाच्या पायऱ्यांवर डोकं धरून बसला होता, आणि मध्ये काय झालं ते मला कळलं नव्हतं. मंडळाला काय सांगू? दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागणार, हे तिथेच ठरलं.

तेवढ्यात दिवे लागले. पडद्यावर अक्षरं आली: मध्यंतर.

आता तुम्हीच सांगा, ह्यात माझा काय दोष? अठरा वर्षांची सवय. लोक रांगेत बसलेले, कथा अर्ध्यावर थांबलेली, सगळे सुस्कारे टाकताहेत. मी उठलो, डबी काढली आणि देवीदासच्या कपाळी बुक्का लावला. मग त्याच्या शेजारच्याच्या. मग त्याच्या. कोणी नको म्हणालं नाही! माणसं आमच्या वऱ्हाडातली. समोर अंगठा आला की मान आपोआप खाली जाते. तिसऱ्या रांगेत पोचलो तेव्हा कुठे मला समोरचा पांढरा पडदा दिसला आणि मी कुठे आहे ते लक्षात आलं. पण अर्ध्या लोकांना लावून अर्ध्यांना वगळलं तर ते बरं दिसत नाही. दिवे गेले तरी मी अंधारात कपाळं चाचपत शेवटच्या रांगेपर्यंत गेलो. एकाच्या डोळ्यात गेला, तोही "हरि हरि" म्हणाला.

त्या बुक्क्याचा खरा महिमा दुसऱ्या दिवशी समजला. आम्ही थिएटरच्या दारात पोचतो तर सातआठ जण माझीच वाट पाहत उभे.

"बुक्केवाले बुवा आले!" एक जण म्हणाला. माझे पायच धरायला निघाला. "काल घरी गेलो, तं बायको दारात लाटनं घेऊन उभी. कपाळाकडं पायलं आन म्हने, आगबाई, कीर्तनाले गेलते काय? वाटीभर दूध देल्लं मले."

"मले तं तिनं पाय धुवाले पानी आनून देल्लं," दुसरा म्हणाला. "आज जरा ठळक लावजा."

मी कानांवर हात ठेवायला हवे होते. मी काय केलं? ठळक लावला. नामाचा प्रसार कोणत्या वाटेने होईल हे सांगता येत नाही, अशी मनाची समजूत घातली, आणि दर मध्यंतराला डबी घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी गेलो, कारण दुसऱ्या दिवशीही पदराच्या वेळी डोळे मिटले होते. अर्धेच, पण मिटले होते. चौथ्या दिवशी का गेलो, ह्याला मात्र माझ्याकडे कारण नाही. चौथ्या दिवशी मी डोळे उघडे ठेवले.

चौथा दिवस उजाडला तेव्हा मनकर्णेचं बोलणं एकदा आठवलं होतं. मी म्हणालो, कुठे जाते ती.

घात केला तो देवीदासच्या बायकोने, मैनाबाईने. ती बाई रोज संध्याकाळी देवळात जाणारी. पाचव्या सकाळी ती माझ्यापुढे चहाची कपबशी आदळून म्हणाली, "दादाजी, जठारपेठीतल्या अर्ध्या मानसाईच्या कपाळाले चार दिसांपासून बुक्का हाय. आन गावातल्या एकाबी देवळात कीर्तन नाई. मी समदे देवळं फिरून आली. हा बुक्का येते कुठून?"

देवीदास भाजीच्या टोपल्यांमागे गेला. मी चहा बशीत ओतून घेतला.

"मले ठाऊक हाय कुठून येते तं," ती म्हणाली. "कालच गाडीनं आमचा मानूस अमरावतीले गेला. वैनीले निरोप धाडला हाय म्या."

मी पुढची गाडी पकडली. बागेत पोचलो तर आधी फुलंच दिसली. शेवंती वाफ्यावाफ्यात उमलून उताणी पडली होती, कडेच्या पाकळ्या करड्या झालेल्या. आमच्या घरात सुतक असलं तरी शेवंती तोडायची राहत नाही. दाराला कुलूप. शेजारच्या पार्बताबाईंनी किल्ली आणून दिली.

"काल गेली. म्हने, बुक्का लावनारे आले का देजा."

"आनखी काय म्हने?"

"आनखी काई नाई म्हने. हसली थोडीशी."

ते हसणं मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं. वीस वर्षांत मी ह्या घराचं कुलूप कधी स्वतः उघडलं नव्हतं. किल्ली कोणत्या बाजूला फिरवायची, तेही पार्बताबाईंनी सांगितलं.

दुसऱ्या सकाळी मोर्शी-वरुडच्या मोटारीत बसलो आणि शेंदूरजन्याला उतरलो. पुंजारामच्या, म्हणजे माझ्या मेव्हण्याच्या, संत्र्याच्या बागेत झाडाखाली बाया फळं निवडत बसल्या होत्या. मोठं एका ढिगात, बारीक दुसऱ्यात, डागी तिसऱ्यात. मनकर्णा मधोमध. तिने मान वर केली नाही.

"या जवाईबापू," पुंजाराम म्हणाला आणि शहाण्या माणसासारखा विहिरीकडे निघून गेला.

"रुख्मीचे माय, चाल," मी म्हणालो. "शेवंती खराब होऊन राहिली."

"होऊ द्या. काय होतं त्या खेळात?"

"बायाईले सांगन्यासारखं नाई थे."

"देवीदासभाऊजी पाहू शकते, मी आयकूबी नाई शकत?" ती पुंजारामच्या बायकोकडे वळली. "आशाबाई, यायले कथा लय चांगली सांगता येते. पयले मले सांगत होते. पंधरा-सोळा वर्स सांगतल्या आसन." तिने एक संत्रं डागी ढिगात टाकलं. "सांगा. दोन वर्सापासून आयकली नाई म्या एकबी."

मी खाली बसलो आणि सुरुवात केली. आधी चाचरत, मग जीभ सुटली. साहेब उभा केला, नशेतला गवई उभा केला. महिनाभर ताज्या राहणाऱ्या गजऱ्याला बाया खदखदून हसल्या. पदर मी आवरून सांगितला. आशाबाई म्हणाली, "आवरून काहून सांगता? आमाले पदर ठाऊक नाई काय?" मध्यंतराच्या बुक्क्याला तर एका म्हातारीला ठसका लागला. मनकर्णेचाही हात थांबला होता, ओठ हलले होते. मला वाटलं, जिंकलो. मी उत्तररंगात शिरलो: गवई मरतो, गाणारीण वेडी होते, साहेब पावसात तिला हाका मारत फिरतो.

"आन त्याची बायको?" मनकर्णेने विचारलं.

"कोन?"

"त्याची बायको. ताट झाकून ठेवनारी. तिचं काय झालं?"

मी तोंड उघडलं. कथा आठवायला मला कधी थांबावं लागत नाही. डोळ्यांपुढे येतच जाते. मी वाट पाहिली. काही आलं नाही. आलं ते एवढंच, की ती बाई पडद्यावर आली की मी चंची काढायचो. आता काही विशेष नाही, पान लावून घेऊ. आणि मी एकटाच नाही. ती आली की रांगच्या रांग चंच्या काढायची, सगळीकडे अडकित्त्यांचा कटकट आवाज सुरू व्हायचा. चारही दिवस.

"सांगा नं."

"मले... ध्यान नाई."

"किती खेप पायला?"

"चार."

मनकर्णेने पुन्हा निवडायला घेतलं. मोठं, बारीक, डागी. निवडता निवडताच म्हणाली, "थो खेळ अमरावतीले येनार हाय नं? आला का निरोप धाडा. तिचं काय झालं थे मी सोता पाहीन. मंग मायं ठरवीन."

मी परत आलो तो एकच प्रश्न घेऊन. त्या बाईने काय केलं असेल? नवऱ्याला माफ केलं असेल तर माझं भलं. माहेरी गेली असेल तर? माझा संसार आता एका पडद्यावरच्या बाईच्या हाती होता, आणि मी तिच्याकडे एकदा पाहिलंसुद्धा नव्हतं.

मी विचारत सुटलो. देवीदासला पत्र टाकलं. उत्तर आलं: 'दादा, गजऱ्याचं सर्व ध्यानात आहे. बायकोचं म्हणता ती कोणती?' सूर्यभान गुपचूप अकोल्याला जाऊन पाहून आला होता. तो म्हणाला, "तिचं लुगडं हिरवं होतं बहुतेक." बोलपट काळापांढरा होता. खुशालरावांना चुकून विचारलं तर ते आधी म्हणाले, "मी कुठं पायला?" आणि मग, "मराले पायजे तिनं. नाई तं गोष्ट कशी संपन?" म्हणजे चिटणीसही जाऊन आले होते. शेवटी नत्थुजी बुवांकडे गेलो. त्यांना मी सगळं चित्र आधीच सांगितलं होतं. पदर त्यांनी दोनदा सांगायला लावला, खंडनासाठी. ते म्हणाले, "पतिव्रता आसन तं देवाले शरण गेली आसन. तसंच ठोकून देऊ कीर्तनात." आजवर ऐकलेल्या किती कथांत अशा बाया बुवांनी ठोकून दिल्या असतील, आणि मी त्या घरी नेऊन किती भाकरी करपवल्या असतील, असं तेव्हा मनात आलं.

पंधरा दिवसांनी खेळ अमरावतीत लागला. मी निरोप धाडला. रविवारी दुपारच्या खेळाला मनकर्णा आशाबाईला घेऊन परस्पर थिएटरवर आली. माझ्याशी बोलली नाही. बायकांची बसायची जागा वर सज्जात, पुरुषांच्या बाजूने जाड कापडी पडदा लावून वेगळी केलेली. त्या दोघी तिकडे गेल्या. मी खाली. ठरवून गेलो होतो की ह्या खेपेला त्या बायकोवरून नजर हलवायची नाही. चंची घरी ठेवली होती. पण खेळ सुरू झाला आणि माझी मान वळून वळून वरच्या पडद्याकडेच जायला लागली. ती हसते का, रडते का, उठून जाते का? त्या जाड कापडातून काय दिसणार? तरी पाहत राहिलो. पदर केव्हा सरकला ते मला कळलं नाही, ह्यावर खुशालराव अजून विश्वास ठेवत नाहीत.

मध्यंतराला दिवे लागले. माझ्या रांगेतल्या सगळ्यांनी मान खाली करून कपाळं पुढे केली. कीर्ती अकोल्याहून आली होती. डबी खिशात होती. मी हात बाहेरच काढला नाही. "बुवा रुसले वाटते," कोणीतरी म्हणालं.

खेळ सुटला. आशाबाई आपल्या बहिणीकडे गेली. मनकर्णा बागेच्या वाटेला लागली, मी चार पावलं मागे. घरी आली, माझ्याकडून किल्ली घेऊन कुलूप उघडलं, हातपाय धुतले, चूल पेटवली. हे ठरवणं होतं का नुसती भूक, मला कळेना.

तेवढ्यात फाटकातून खुशालरावांची हाक. "शालिकरामजी! हार घेऊन चला लवकर! आज खंडन हाय, मानूस मावत नाई देवळात!"

मनकर्णा परातीत पीठ घेत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तिचं सांगनार हाय मी. जायचं आसन तं जा."

मी बाहेर गेलो. गुंफून ठेवलेला हार खुशालरावांच्या हाती दिला. मग डावा खिसा चाचपला आणि डबीही दिली.

"हे काहून? तुमी येऊन नाई राहिले?"

"नाई."

"आरे, पन बुक्का कोन लावन?"

"सूर्यभानले द्या. त्याची लय इच्छा हाय."

मी आत येऊन पाटावर बसलो. तिने भाकर तव्यावर टाकली आणि बोलू लागली. माझ्यासारखी हातवारे करून नाही. जणू शेजारच्या घरातलं सांगावं तसं.

"पयल्या दिशी त्या ताटात पुऱ्या होत्या. दोन वाट्या, लोनचं. दिसलं काय तुमाले?"

"नाई."

"दुसऱ्या खेपेले भाकर. तिसऱ्या खेपेले नुसता भात. थो येते, झाकनाकडं पायते आन 'भूक नाई' म्हनून झोपून जाते. मध्यंतर झाल्यावर ती झाकन ठेवते, तं खाली काईच नसते. रिकामं ताट. तरी रोज झाकते. त्याले समजतच नाई."

"मंग?"

"मंग शेवटी थो येते. पावसात भिजून. समदं संपलं आसते त्याचं. त्याले भूक लागते. पयल्यांदा झाकन काढते थो." तिने भाकर उलटली. "ताटात घराची किल्ली."

चुलीत लाकूड फुटलं.

"आन ती?"

"ती नाई घरात."

"परत येते काय?"

"थे नाई दाखवलं. तिथंच दिवे लागले. समदे मानसं उठले. चंच्या बांधत होते."

हे खरंच बोलपटात होतं, का मनकर्णेने आमच्या घरातून काढून तिथे घातलं, ते मला आजतागायत माहीत नाही. पाचव्यांदा जाऊन खात्री करावी असं एकदा मनात आलं. मनातच ठेवलं.

घरात करपल्याचा वास सुटला. तिने हळूच भाकर उतरवली, ताट वाढलं आणि का कोण जाणे, वरून झाकण ठेवून ते माझ्यापुढे सरकवलं.

मी झाकण उचललं. वांग्याची भाजी, ठेचा, एका बाजूने काळी झालेली भाकर. मी भाकर उचलून तिच्या खालीही पाहिलं.

"काय पाहून राहिले?" ती म्हणाली.

"काई नाई."

"किल्ली माया कमरेले हाय," मनकर्णा म्हणाली आणि पुढची भाकर थापायला घेतली. "अजून."